उन्हात घालायचा शर्ट निवडताना

फेब्रुवारी सरत आला की ट्रेकला जाणारे, सायकल चालवणारे, मैदानावर क्रिकेट खेळणारे, साइटवर दिवसभर उभे राहणारे असे अनेक वाचक एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारू लागतात. उन्हापासून संरक्षण देणारा म्हणून विकला जाणारा महागडा शर्ट खरंच घ्यावा का? सुती बरा की ड्रायफिट? पांढरा घ्यावा की गडद? लेबलवर यूपीएफ 50 ऐवजी 30 असेल तर फसलो का? दुकानदार आपल्याकडे असलेल्या मालाची तारीफ करतो, ट्रेकच्या ग्रुपमधला प्रत्येक जण स्वतःच्या अंगावरचाच शर्ट घ्यायला सांगतो, आणि गोंधळ आणखी वाढतो.

निवडीचा क्रम मात्र साधा आहे. आधी अंग किती झाकले जाते ते पाहा. मग कापडाची वीण किती दाट आहे ते. त्यानंतर आत वारा किती खेळतो ते. लेबलवरचा आकडा सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक हा क्रम उलटा लावतात आणि यूपीएफ 50चा अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट घेऊन येतात.

कापूस वेचणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या बायांकडे कधी नीट पाहा. लुगड्यावर घरातल्या पुरुषाचा जुना फुल शर्ट चढवलेला असतो, बटणे गळ्यापर्यंत लावलेली असतात, डोक्याला कापड गुंडाळलेले असते. शर्ट मापाने मोठा असल्यामुळे बाह्यांची टोके पार बोटांच्या पेरांपर्यंत येतात आणि हाताची मागची बाजू झाकली जाते. सैल असल्याने आत हवा फिरते. महागड्या शर्टांत जे गुण शोधायचे, ते जवळजवळ सगळे त्या शर्टात आहेत.

आधी आपल्याकडचे ऊन समजून घ्या

ऊन म्हणजे तापमान नव्हे. तापवतो तो उष्णतेचा भाग वेगळा आणि त्वचा भाजणारे, काळवंडवणारे अतिनील किरण वेगळे. नागपूरला मे महिन्यात पारा सर्वांत वर जातो तो दुपारी तीनच्या सुमारास. पण अतिनील किरणांचा जोर सूर्य डोक्यावर असतो तेव्हा, म्हणजे नागपुरात बाराच्या थोडे पुढे आणि मुंबईत साडेबारानंतर, सर्वाधिक असतो. त्यामुळे ‘अजून फार तापलेले नाही’ म्हणून अकरा वाजता उघड्या हातांनी चालणे चुकीचे.

महाराष्ट्रात सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. पहिल्यांदा मे महिन्यात, दुसऱ्यांदा जुलै-ऑगस्टमध्ये परतीच्या वाटेवर. अशा दिवसांत ऊन सरळ वरून पडते आणि सर्वांत जास्त मार खांदे, मान आणि कानांना बसतो. म्हणूनच या लेखात खांदा आणि कॉलरचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या यूव्ही निर्देशांकात 3पासून पुढे संरक्षण घ्यायला सांगितले आहे. 8 ते 10 ‘अति जास्त’ आणि 11पासून पुढे ‘तीव्र’. आपल्याकडे एप्रिल-मेच्या निरभ्र दुपारी तो 11च्या पुढे जातो. मोबाइलवरच्या बऱ्याच हवामान ॲपमध्ये हा आकडा दिसतो, निघण्यापूर्वी तो पाहून घ्या. मोबाइल नसेल तर स्वतःची सावली पाहा: ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड झाली की बाह्या खाली करा.

आणखी दोन गोष्टी. उंचीवर दर हजार मीटरमागे अतिनील किरण सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात. कळसूबाईचा माथा 1646 मीटरवर आहे आणि तिथे वारा गार लागतो, म्हणून भाजल्याचे कळत नाही. दुसरे, पातळ ढगांमुळे उकाडा कमी वाटला तरी अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात खाली येतातच.

यूपीएफचा आकडा कसा वाचायचा

यूपीएफ हा कापडाचा गुण. क्रीमच्या डब्यावरचा एसपीएफ मुख्यतः त्वचा लाल होण्यावरून ठरतो; यूपीएफमध्ये कापडातून अतिनील किरणांचे ए आणि बी हे दोन्ही गट मिळून किती किरण पार होतात ते मोजतात. हिशेब सोपा आहे:

- यूपीएफ 15: सुमारे 6.7 टक्के किरण आत येतात.
- यूपीएफ 30: सुमारे 3.3 टक्के.
- यूपीएफ 50: 2 टक्के.
- यूपीएफ 50+: 2 टक्क्यांपेक्षा कमी. त्यापुढचा आकडा लेबलवर लिहिण्याची पद्धत नाही. कोणी ‘यूपीएफ 100’ लिहिले असेल तर त्या विक्रेत्याकडे जरा संशयाने पाहा.

आता यातले मर्म पाहा. 30 आणि 50 यांत फरक दीड टक्क्याहूनही कमी आहे. उघड्या कोपरापासून मनगटापर्यंत मात्र शंभर टक्के ऊन पडते. तेव्हा पूर्ण बाह्यांचा यूपीएफ 30 आणि अर्ध्या बाह्यांचा 50+ यांतून निवडायचे झाले तर बेलाशक पहिला घ्या. खरी काळजी करायची ती पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टची: त्याचा यूपीएफ साधारण 5 ते 7 भरतो आणि घामाने चिंब झाला की 3पर्यंत उतरू शकतो. म्हणजे तिसरा हिस्सा ऊन सरळ आत.

लेबलवर चाचणीच्या मानकाचे नाव आहे का तेही पाहा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे ‘एएस/एनझेडएस 4399’, युरोपचे ‘ईएन 13758’ आणि अमेरिकेतले ‘एएटीसीसी 183’ ही तीन नावे आपल्याकडच्या शर्टांवर आढळतात. युरोपचे मानक कडक आहे: त्यात यूपीएफ 40च्या वर असावा लागतो आणि ए गटाचे किरण 5 टक्क्यांहून कमी यावे लागतात. अमेरिकेत चाचणीआधी कापड 40 वेळा धुऊन, कृत्रिम उन्हात ठेवून घेण्याची पद्धत आहे. ‘40 धुण्यांनंतरही’ असा दावा दिसला तर तो तिथून आलेला असतो. मानकाचे नाव नाही, नुसता सूर्याचा गोल आणि ‘यूव्ही प्रोटेक्शन’ एवढेच छापलेले असेल, तर त्या छपाईचे वेगळे पैसे मोजू नका.

सुती की ड्रायफिट? आधी गावाचे नाव सांगा

या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, आणि जे सरसकट उत्तर देतात त्यांच्यावर विसंबू नका. शर्टाने घामाचे काय करायचे हे हवेवर ठरते.

*विदर्भ, खानदेश, मराठवाडा.* उन्हाळ्यात हवा कोरडी. घाम पटकन उडून जातो आणि उडताना अंग गार करतो. इथे सुती कापड घाम धरून ठेवते ते फायद्याचेच: ओलावा हळूहळू उडत राहतो. मात्र सुती म्हणजे टी-शर्टाचे विणलेले होजिअरी कापड नव्हे. मागावरचे, दाट विणीचे, रंगीत शर्टिंग घ्या. जाड खादी किंवा ब्लीच न केलेला मांजरपाट झकपक पांढऱ्या कापडापेक्षा बरा, कारण कापसातली किरण शोषणारी नैसर्गिक द्रव्ये ब्लीचमध्ये निघून जातात. मलमल आणि विरळ विणीचे लिनन अंगाला सुखाचे असते, पण उन्हाला ते फारसे अडवत नाही. रेयॉनचेही तसेच.

*मुंबई, कोकण, गोवा.* हवेत दमटपणा इतका, की घाम उडतच नाही, निथळतो. सुती शर्ट अकरा वाजेपर्यंत पिळून काढण्याजोगा होतो, अंगाला चिकटतो, ताणला जातो आणि त्याचे संरक्षणही घटते. इथे हलके पॉलिएस्टर किंवा नायलॉन बरे. ते पाणी कमी धरते आणि लवकर वाळते. पॉलिएस्टरच्या रेणूतच अतिनील किरण, विशेषतः बी गटाचे, शोषणारी रचना असते, त्यामुळे पातळ असूनही ते चांगला आडोसा देते. अर्थात अंगाबरोबर घट्ट बसणारा ड्रायफिट टी-शर्ट दमट हवेत गुदमरवतो. एक माप मोठा घ्या.

*सह्याद्रीतले ट्रेक.* चढताना घामाच्या धारा, माथ्यावर पोहोचलात की वारा. ओला सुती शर्ट वाऱ्यात अंगावर गार पडतो, म्हणून मागावर विणलेला पातळ नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा, समोर बटणे असलेला शर्ट माझ्या मते सर्वांत सोयीचा. होजिअरीसारखे विणलेले ड्रायफिट करवंदाच्या जाळीत एकदा अडकले की धागे ओढले जातात आणि दोन ट्रेकमध्ये कापडाला गोळे धरतात. मागावरचे कापड तिथे टिकते.

सुती-पॉलिएस्टर मिश्रण, म्हणजे आपले रोजचे टेरिकॉट शर्टिंग, या चर्चेत उगाच मागे पडते. दाट विणीचे, सैल शिवलेले असेल तर पुणे-नाशिकसारख्या मध्यम हवेत ते छान चालते, आणि गावातल्या शिंप्याकडून हव्या त्या लांबीच्या बाह्या शिवून घेता येतात.

रंगाचा घोळ

गडद रंग किरण जास्त अडवतो, फिका रंग कमी तापतो, दोन्ही खरे. पण शर्ट सैल असेल तर तापण्याचा मुद्दा बराच मवाळ होतो. वाळवंटातले बदाउनी काळे झगे का घालतात यावर 1980मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला होता. काळ्या झग्याचे कापड जास्त तापते, पण झगा सैल असल्याने आत शरीरापर्यंत पोहोचणारी उष्णता पांढऱ्या झग्याएवढीच भरते, असे त्यात दिसले. म्हणजे रंगापेक्षा सैलपणा महत्त्वाचा.

व्यवहारात मधले रंग घ्या: आकाशी, खाकी, राखाडी, फिका हिरवा. पांढराच हवा असेल, जसा क्रिकेटच्या सामन्यात लागतो, तर पॉलिएस्टरचा आणि दाट विणीचा घ्या. गडावर जाणार असाल तर काळा-गडद शर्ट टाळण्याचे आणखी एक कारण आहे. आग्या मोहोळ उठले तर माश्या गडद रंगावर जास्त चालून जातात. कड्याकपारींतून जाणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे.

दुकानात हातात घेऊन काय तपासाल

1. शर्ट ट्यूबलाइटसमोर धरा आणि मागे पंजा ठेवा. बोटे वेगळी मोजता येत असतील तर कापड विरळ आहे. पुसट सावली दिसली तर चालेल.
2. शर्ट अंगात घालून दोन्ही हात पुढे घ्या, सॅक पाठीवर घेतल्यासारखे. पाठीवर आणि कोपरावर कापड किती ताणते ते आरशात पाहा. ताणले की धाग्यांमधल्या फटी रुंदावतात आणि लेबलवरचा आकडा कागदावरच राहतो, कारण चाचणी न ताणलेल्या कापडावर झालेली असते.
3. हात डोक्यावर उचला. बाही मनगटाच्या किती वर सरकते? चार बोटांपेक्षा जास्त सरकत असेल तर मोठे माप मागा. अंगठा अडकवायची खाच असेल तर उत्तम.
4. कॉलर उभी करून पाहा. ती मानेवर उभी राहते की लोळते? बिनकॉलरचा शर्ट आवडलाच असेल तर टोपी मागे कापड असलेली घ्यावी लागेल.
5. जाळीचे कापड कुठे लावले आहे? काखेत, कुशीत किंवा पाठीवरच्या झडपेखाली असेल तर वारा खेळतो. खांद्यावर किंवा बाहीच्या वरच्या बाजूला असेल तर तो शर्ट तिथेच ठेवा.
6. खांद्याची शिवण चिमटीत धरा. सॅकचा पट्टा नेमका तिथे बसतो. जाड, उठावदार शिवण पाच तासांत खांदा सोलते.
7. कापडाचे वजन लिहिलेले असेल तर 100 ते 150 जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) बघा. नेहमीचा सुती टी-शर्ट साधारण 160 ते 180चा असतो.

ऑनलाइन घेत असाल तर यातले काहीच करता येत नाही, म्हणून परत करण्याची मुदत वाचल्याशिवाय मागवू नका, आणि पार्सल आले की लेबल न काढता पहिल्या तीन तपासण्या घरी करा.

कोणत्या कामाला कोणता

- *सायकल:* घट्ट जर्सी अर्ध्या बाह्यांची असेल तर वेगळ्या बाह्या मिळतात त्या घाला. वाकल्यावर कमरेवर उघडी पडणारी पट्टी हमखास भाजते, तेव्हा मागून लांब असलेला शर्ट.
- *धावणे:* सूर्योदयापूर्वी संपत असेल तर कोणताही हलका टी-शर्ट चालेल. वेगळा खर्च नको.
- *समुद्र, होडी, तारकर्लीचे किनारे:* पूर्ण बाह्यांचा, पोहण्याच्या कापडाचा टी-शर्ट. ओला झाल्यावरही तो आडोसा देतो. वाळू आणि फेसाळ पाणी ऊन खालून परत फेकतात, त्यामुळे छत्रीखाली बसूनही पूर्ण सुटका नसते.
- *दुचाकी:* पुण्यातल्या मुलींचा सनकोट आणि स्कार्फ हा अगदी योग्य उपाय आहे. सनकोट पातळ पांढऱ्या होजिअरीचा असेल तर दाट कापडाचा घ्या आणि बाह्या पंजा झाकणाऱ्या.
- *वारी, शेत, साइट:* सुती किंवा टेरिकॉटचा सैल फुल शर्ट, मोठ्या मापाचा, आणि त्याला जोड म्हणून उपरणे.

नवा घेण्यापूर्वी कपाट उघडा

ऑफिसला घालून जुना झालेला, कॉलर विटलेला फुल शर्ट बहुतेकांच्या घरी पडून असतो. त्यावर ट्यूबलाइटची तपासणी करा. सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटते आणि फटी बुजतात, त्यामुळे नव्यापेक्षा थोडा वापरलेला शर्ट उन्हाला अधिक अडवतो. मात्र कोपरावर आणि खांद्यावर झिजून विरलेला नको. शर्ट पास झाला तर हजार रुपये वाचले. ते रुंद काठाच्या टोपीसाठी ठेवा, कारण चेहरा आणि कान कोणताच शर्ट झाकत नाही.

शर्ट काय करू शकत नाही

शर्ट ऊन अडवतो, उष्माघात अडवत नाही. ‘कूलिंग’ असे लिहिलेले कापड अंगाला स्पर्शाला गार लागते, तेवढेच. भर दुपारी चढाई, पाणी कमी आणि विश्रांती नाही, हे गणित कोणत्याही शर्टाने सुटत नाही. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर घाम येत असला तरी उष्माघात समजा: सावलीत न्या, शर्टाची बटणे उघडा, पाणी ओता, वारा घाला आणि 108वर फोन करा. अशा वेळी शर्ट काढायला संकोच करू नका.

काही औषधांमुळे त्वचा उन्हाला नाजूक होते. डॉक्सीसायक्लिन, रक्तदाबासाठीचे हायड्रोक्लोरोथायझाइड, मुरुमांसाठीची काही औषधे यांत येतात. पुराच्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्सीसायक्लिन दिले जाते, तेव्हा हे पावसाळ्यातही लागू आहे. औषध आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा; पण अशा दिवसांत यूपीएफ 50च्या शर्टावर पैसे खर्च करणे सार्थकी लागते. चेहऱ्यावर वांग असलेल्यांनी, ल्यूपस असलेल्यांनीही हात आखडता घेऊ नये.

धुताना

ड्रायफिटला फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका, त्याचा थर बसला की कापड घाम टिपेनासे होते. उलटा करून, साध्या साबणाने, त्याच दिवशी धुवा. पॉलिएस्टरमध्ये घामाचा वास मुरतो. ब्लीच कोणत्याच शर्टाला नको. कडक इस्त्रीही नको.

दावा खोटा निघाला तर

ग्राहक संरक्षण कायदा 2019 तुमच्या बाजूने आहे, फक्त बिल हवे. बिल न देणे हीच या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा ते मागताना संकोच नको.

- ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. रंग घरी गेल्यावर आवडला नाही, हा मात्र दोष नव्हे. तिथे दुकानाचे धोरण चालते.
- यूपीएफचा आकडा छापला असेल तर कोणत्या मानकाने, कुठे तपासला, हे कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेलने विचारा. फोनवर नको, लेखी उत्तर हवे. पुराव्याविना केलेला दावा दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकतो, आणि त्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.
- ऑनलाइन खरेदीत, माल जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसेल तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. 2020च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवे. खरेदीच्या दिवशीच जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा; नंतर ते पान बदलते.
- कोणी दाद देत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. सकाळी आठ ते रात्री आठ ती सुरू असते.
- त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मालाची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते. मुदत दोन वर्षांची आहे, तेव्हा बिलाचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरचे बिल काही महिन्यांतच कोरे होते.